दुखणं त्यांचं, फाईल माझी

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी, दुपारी जेवण झाल्यावर, माझे साडू आडवे झाले आणि उठले नाहीत. ताई ताटं घासत होत्या. साडूंचं वय अडुसष्ट होतं.

एवढं लिहून झालं की मग बाकीचं सगळं हसतहसत लिहिता येतं, कारण बाकीचं सगळं हसण्यासारखंच आहे. माझ्या साडूंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, ताईंच्या, यजमानांनी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत एकाही डॉक्टरला आपल्या अंगाला हात लावू दिला नव्हता. जन्माच्या वेळीसुद्धा सुईणच होती, हे ते मुद्दाम सांगत. अख्ख्या नागपुरात असा दुसरा माणूस नसेल, असा त्यांचा दावा होता, आणि तो खोडून काढायला निदान आमच्या नात्यागोत्यात तरी कोणी पुढे आलं नाही.

बरं, त्यांना दुखणी नव्हती असं नाही. दुखणी भरपूर होती. पण दुखणं आणि डॉक्टर या दोन गोष्टींची गाठ घालायला आपण स्वतः मध्ये असलंच पाहिजे, हे त्यांना कधी पटलं नाही. याचं मूळ त्यांच्या घराण्यात होतं. घराणं विणकरांचं. घरातच खड्डामाग होता, आणि त्या खड्ड्यात पाय सोडून त्यांचे वडील सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लुगडी विणत बसत. मागावरचा माणूस उठला की माग थांबतो आणि माग थांबला की चूल थांबते, म्हणून विणणाऱ्याचं दुखणं घेऊन घरातलं दुसरंच कोणीतरी दवाखान्यात जात असे. आई नाहीतर काकू जाऊन सांगे, "त्याइले दोन दिवसांपासून खोकला हाये," आणि कंपाउंडर कागदाची पट्टी चिकटवलेल्या बाटलीत लाल औषध भरून देई. पेशंटला कोणी बघत नसे आणि पेशंट बराही होत असे. साडू स्वतः लग्नापर्यंतच मागावर बसले. पुढे हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीनदुरुस्तीच्या खात्यात लागले आणि तीस वर्षं कंपनीच्या बसनं गेले-आले. माग सुटला, पण ही पद्धत सुटली नाही. "डॉक्टरले काय लागते? हकीकत लागते," ते म्हणत. "हकीकत कोनीबी सांगू शकते. त्याच्यासाठी मीच काहून पाह्यजे?"

त्यांच्या वैद्यकशास्त्रात सगळ्या मानवी आजारांचे तीनच प्रकार होते. ऊन लागलं, गॅस झाला, आणि झोपेत वाकडं पडलो. डोकं दुखलं तर ऊन, मग बाहेर डिसेंबर असला तरी चालेल. छातीपासून बेंबीपर्यंत काहीही झालं तर गॅस. उरलेलं सगळं शरीर झोपेत वाकडं पडत असे. तापावर भिवापुरी मिरचीचा रस्सा हा एकमेव उपाय, कारण घाम निघाला की ताप निघतो. एकदा तापात त्यांनी एवढा तिखट रस्सा प्यायला की त्यांना उचकी लागली ती दीड दिवस थांबली नाही. ताप मात्र खरंच उतरला. "पाहा," ते दोन उचक्यांच्या मध्ये म्हणाले. हलणारा दात त्यांनी जरीचा धागा बांधून स्वतःच ओढून काढला आणि नंतर चार दिवस त्या धाग्याची तारीफ केली, की आजकाल असा धागा मिळत नाही. चष्मा ते ताईंचा वापरत. नंबर जुळतो का, असं मी विचारलं तर म्हणाले, "चाळीस वर्षं संसार जुळला, नंबर नाही जुळत का?" त्या चष्म्यातून लग्नपत्रिका वाचून ते आम्हा सगळ्यांना एक दिवस आधीच मंगल कार्यालयात घेऊन गेले होते.

वर्षातून एकदा मात्र ते तब्येतीकडे पद्धतशीर लक्ष देत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत या बाईच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते. गावातली इडापीडा, रोगराई त्या पुतळ्याच्या अंगावर घालून तिला गावाबाहेर न्यायचं आणि जाळायचं. लोक ओरडतात, खोकला-खोकली घेऊन जा गे मारबत. साडू त्या गर्दीत एखाद्या ओट्यावर चढून उभे राहत आणि मारबत समोर आली की आपली वर्षभराची यादी तिच्या स्वाधीन करत. गुडघा घेऊन जा गे मारबत. जळजळ घेऊन जा गे मारबत. एका वर्षी त्यांनी इतका वेळ यादी वाचली की मारबत पुढच्या चौकात गेली तरी त्यांचं चालूच होतं. "आता वर्षभर पाहाचं काम नाही," असं म्हणत ते ओट्यावरून उतरले, आणि उतरताना गुडघा धरून उतरले.

दुसऱ्यांच्या दुखण्यात मात्र त्यांच्यासारखा माणूस नाही. गल्लीत कोणाला शिंक आली तरी त्यांची स्कूटर दारात उभी. आपल्या मागे बसवून न्यायचं, नंबर लावायचा, बाकावर बसून राहायचं, औषधं आणायची. कोणत्या दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोहे चांगले मिळतात आणि कुठल्या मजल्यावर मोबाईल चार्ज करता येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. भरती झालेल्या माणसाला ते रोज भेटायला जात आणि त्याला आणलेले पेरू निम्मे आपणच खात, कारण आजाऱ्याला पेरू जड. डॉक्टरांच्या खोलीचं दार आलं की मात्र ते थांबत. "तुमी जा आत. मी इथंच हावो."

त्यांची स्वतःची हकीकत घेऊन जायचं काम पहिली पंचवीस-तीस वर्षं ताईंकडे होतं. आमच्या भागातल्या दवाखान्यात पूर्वी एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांना ही रीत माहीत होती. पुढे त्यांची मुलगी खुर्चीवर बसली. ती म्हणाली, पेशंट पाहिल्याशिवाय मी औषध देत नाही. घरी येऊन ताईंनी हे सांगितल्यावर साडूंनी त्यावर तोड काढली. हकीकत आपलीच म्हणून सांगायची. ताई गेल्या, आणि त्यांनी नवऱ्यानं सांगितलेलं शब्दशः सांगितलं, "दाढी करताना मान आखडते." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ताई त्या दिवशी ज्या परत आल्या त्या म्हणाल्या, "आता तुमचं तुमी पाहा. मी काही जात नाही."

त्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तकांजवळ बसणारा तो मास्तर, असा साडूंचा हिशेब असल्यामुळे ते मला मास्तर म्हणत. "तुमी शिकलेले हा मास्तर. तुमाले नीट सांगता येते," ते म्हणाले. मला नाही म्हणता येत नाही. आयुष्यभर लोकांनी उशिरा परत केलेली पुस्तकं मी काही न बोलता ठेवून घेतलेली आहेत. तर मी गेलो आणि माझा डावा गुडघा दुखतो असं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबला. "दुखतं?" मी हो म्हणालो. "इथं?" तिथंही हो म्हणालो. न दुखणारा गुडघा कुठे कुठे दुखायला हवा, हे कोणत्याही पुस्तकात दिलेलं नसतं. गोळ्या मिळाल्या. साडूंना बरं वाटलं. मग हे चालूच राहिलं. तीन वर्षांत माझ्या नावाची फाईल चांगली जाड झाली, आणि तीत माझा स्वतःचा एकही आजार नव्हता.

यातला सगळ्यात वाईट काळ जळजळीचा. मी साडूंची जळजळ सांगितली आणि डॉक्टरीणबाईंनी तीन महिने मिरची बंद असं लिहून दिलं. तो कागद दुर्दैवानं माझ्या बायकोच्या हाती लागला. आता खरं सांगावं तर बहिणीच्या घरी भांडण. तीन महिने मी उकडलेला दुधी खाल्ला, आणि त्याच पंगतीला माझ्या शेजारी बसून साडू ठेचा खात होते. माझ्या ताटाकडे बघून ते खरोखर कळवळून म्हणाले, "मास्तर, तब्येत सांभाळत जा गा. पोटाले जपा."

असं सगळं आनंदात चाललं असतं. पण पाच-सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की साडू वाचायला लागले आहेत. आम्ही दोघं सीताबर्डीला जात असू, त्यांना कूलरचे सुटे भाग घ्यायचे असत. रिटायर झाल्यापासून गल्लीतले सगळे कूलर उन्हाळ्याआधी तेच दुरुस्त करून देत. पूर्वी ते गर्दीतून असे चालत की मला धावावं लागे. त्या हिवाळ्यात ते थांबायला लागले. मेट्रोच्या जिन्यावर मध्येच थांबून सूचना वाचायचे. मग कपड्यांच्या दुकानाची पाटी, मग मोबाईलच्या दुकानाची, मग ज्योतिषाची, सगळी, अगदी खालच्या फोन नंबरापर्यंत. ज्या माणसानं लग्नपत्रिकेवरची तारीख धड वाचली नाही तो ज्योतिषाचा नंबर वाचतो, हे मला बरोबर वाटलं नाही. मी जवळ जाऊन पाहिलं. त्यांचे डोळे पाटीवर होते आणि ते तोंडानं श्वास घेत होते.

चार दिवसांनी त्यांनी स्वतःच विषय काढला. "मास्तर, जरा छातीत भरल्यावानी वाटते. चाललो का वाटते, बसलो का जाते. गॅसच आहे. पण बाईले एकदा विचारून या."

मी गेलो, आणि इथे माझ्या हातून जी चूक झाली ती मी कोणावर ढकलू शकत नाही. मी ते माझंच म्हणून सांगितलं. सवय झाली होती. डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर झोपवलं, तारा लावल्या, ईसीजी काढला आणि म्हणाल्या, "एकदम छान आहे." मी ती पट्टी घेऊन साडूंच्या घरी गेलो आणि तोंड उघडायच्या आत त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. उजेडाकडे धरून पाहिली. "एका सुतात हाये पाहा," ताईंना म्हणाले. "एक धागा तुटला नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी ती लॅमिनेट करून आणली. ताई काही बोलल्या की ते ती पट्टी दाखवत. शेजाऱ्यांना दाखवत. आणि त्याच आठवड्यात त्यांनी एक कूलर एकट्यानं उचलून दुसऱ्या मजल्यावर चढवला.

मी ते समोरच्या आमच्या गच्चीवरून पाहिलं. त्यांनी जिन्यावर तीन वेळा कूलर खाली ठेवला. माझं धडधाकट हृदय खिशात घालून हा माणूस जिने चढतो आहे, एवढं मला कळलं, आणि मी चप्पल घालून सरळ दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझी फाईल काढली. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "गुडघा डावा सांगितला होता तुम्ही, आणि लंगडत होतात उजव्यानं. मला वाटलं, ग्रंथपाल आहेत, एकटे पडले असतील, बोलायला येत असतील." मग हसणं थांबवून त्या म्हणाल्या, "चालल्यावर होतं आणि बसल्यावर थांबतं, हे चांगलं नाही. त्यांना आणा. आजच आणा."

साडूंना आणायचं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी वाटेत खूप विचार केला आणि दारात गेल्यावर जे सुचलं ते बोललो. "भाऊ, मला बरं वाटत नाही. छातीत कसंतरी होतंय."

स्कूटर दोन मिनिटांत बाहेर आली. सगळ्या रस्त्यानं ते मला रागावत होते. "इतके शिकले तुमी मास्तर. एवढी पुस्तकं वाचली. अन् स्वतःच्या जिवाकडे पाहत नाही? मागच्या आठवड्यात तुमी माझ्या छातीचा तो पट्टीवरचा फोटो काढून आणला, तवाच तुमचाबी काहून नाही काढला?" मी मागे बसलो होतो. त्यांच्या पाठीवर माझा हात होता, आणि शर्ट घामानं ओला झाला होता. थंडीचे दिवस होते.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर त्यांनी मला भिंतीकडे बसवलं, पाणी आणून दिलं आणि माझा हात धरून ठेवला. मग एकदम म्हणाले, "घाबरू नका. मीबी तुमच्या जागी घाबरलो असतो." थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्या बाबाले असंच कोनीतरी घेऊन गेलं होतं. एकदाच गेले ते. डॉक्टर म्हणाला, मागावर बसू नका. मंग बाबा अकरा वर्षं ओट्यावर बसून होते. जेवण तिथंच. लोकं आले का आमच्या मोठ्या भावाशी बोलत, त्याइच्याशी कोनी बोलत नसे. सुताचा भाव विचारला तरी आई म्हने, तुमी आराम करा." ते समोरच्या दाराकडे पाहत होते. "आत जाते तो माणूस, अन् बाहेर येते तो पेशंट. पण तुमचं काय मास्तर, तुमी तर आधीच बसून असता. तुमाले कोन उठवते?"

त्या वेळी माझ्या मनात आलं की उठावं, बरं वाटतंय म्हणावं आणि त्यांना घरी घेऊन जावं. मला लाज वाटत होती. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

ते नेहमीप्रमाणे दाराशी थांबले. मी त्यांचा हात सोडला नाही, म्हणून त्यांना आत यावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शर्ट काढा."

"काढा मास्तर," साडू म्हणाले.

"त्यांना नाही. तुम्हाला सांगतेय."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "भाऊ, ती पट्टी माझी आहे. माझ्या छातीची आहे. तुमच्याऐवजी मी आता झोपणार नाही."

"तुमी माझ्याशी खोटं बोलले?"

"तीन वर्षं बोलतोच आहे. आजवर डॉक्टरांशी बोललो, आज तुमच्याशी."

बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं. साडूंनी दाराकडे पाहिलं, मग टेबलाकडे. मग त्यांनी हळूहळू बटणं सोडली. बनियनला छातीपाशी रफू होतं, त्यांच्याच हातचं. झोपल्यावर ते छताकडे बघत म्हणाले, "बाई, माझं काम बंद करान का?"

"काय काम करता तुम्ही?"

"कूलर दुरुस्त करतो."

"मग करा की," त्या तारा लावताना म्हणाल्या. "फक्त वर चढवायला दुसरा माणूस घ्या."

त्यांची पट्टी माझ्या पट्टीसारखी आली नाही. त्याच दिवशी त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं, हृदयाच्या नळ्यांत दोन ठिकाणी जाळी बसवली, आणि पाचव्या दिवशी ते घरी आले. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी स्कूटर घेऊन दारात उभे. "चला मास्तर, सीताबर्डीले. कूलरची गवताची जाळी आणाची आहे. वर चढवाले माणूस ठेवला आहे, तो लेकाचा मोटर हातात धरते अन् करंट मले धरते." त्या दिवशी ते गर्दीतून असे चालले की मला धावावं लागलं. एकही पाटी त्यांनी वाचली नाही.

पुढची पाच वर्षं ते उलटे वागले, म्हणजे पूर्वीइतकेच अतिरेकानं. गल्लीतला जो पुरुष छातीवर हात ठेवून गॅस म्हणेल, त्याला ते धरून नेत आणि आता दाराशी थांबत नसत. "हकीकतीनं काही होत नाही," ते सांगत. "तुमी मले कूलरची हकीकत सांगितली तर मी पंप बदलू शकतो का? उघडून पाहावं लागते." एका न्हाव्याला ते अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासमोरून उचलून घेऊन गेले होते, आणि गिऱ्हाईकही तसंच साबण लावून मागोमाग आलं होतं. स्वतःची गोष्ट ते प्रत्येकाला सांगत, पण त्यांच्या पद्धतीनं. "मास्तरच्या छातीत दुखून राहिलं होतं. मी त्याइले दाखवाले घेऊन गेलो. मंग बाई म्हणाली, आलेच आहा तर तुमीबी झोपून घ्या." मी ते कधी दुरुस्त केलं नाही. खरं म्हणजे स्कूटर त्यांनीच चालवली होती.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आमचा कूलर दुरुस्त केला आणि खाली उभं राहून, वर चढवणाऱ्या माणसाला एवढ्या सूचना दिल्या की तो मध्येच कूलर ठेवून चहा प्यायला निघून गेला. दिवाळीआधी तपासणी झाली होती, ती ठीक होती. नंतर तो मंगळवार आला. डॉक्टरीणबाई घरी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, असं कधी कधी होतं, आणि ताईंजवळ खूप वेळ बसून राहिल्या.

यंदाच्या जानेवारीत मला रक्तदाब निघाला. हा माझा स्वतःचा पहिला आजार. ताई रोज सकाळी आठ वाजता फोन करतात. "घेतली का जी गोळी, जवाईबुवा?" मी घेतली म्हणतो. घेतलेली असते.